सगळं हिरवं

आमच्या ऑफिसच्या भिंतीवर तो बोर्ड लागला, त्या दिवसापासून मी त्याला पाण्यात पाहते. एका पडद्याचा राग करते म्हटलं तर घरात मला वेड्यात काढलं असतं, म्हणून बोलले नाही कधी. पण सकाळी ऑफिसात पाऊल टाकलं की तो भिंतभर पसरलेला दिसायचा आणि माझं डोकं तिथेच फिरायचं.

सासऱ्यांचं कोल्ड स्टोरेज आहे. सहा मोठे चेंबर, प्रत्येकाला वीतभर जाडीचं दार, आत लोकांची फळं. फळं त्यांची, थंडी आपली, असं सासरे म्हणतात. पहिले तीन चेंबर माझ्या नवऱ्याकडे, पुढचे तीन धाकट्या दिराकडे. मी गेटपासची खिडकी सांभाळते, म्हणजे माझ्या सहीशिवाय एक पेटी बाहेर जात नाही. जाऊ बिलं बघते. ऑफिस आणि घर यांच्यामध्ये फक्त ट्रक वळवायचं आवार, त्यामुळे भांडण कुठेही सुरू झालं तरी पलीकडे पोचायला वेळ लागत नाही.

बोर्ड आणला दिरानं. कुठल्याशा प्रदर्शनात तसला प्रकार पाहून आला आणि दुसऱ्या आठवड्यात एका डॅशबोर्डवाल्याला दारात उभं केलं. चेंबरमधले सेन्सर तापमान कळवणार आणि कॉम्प्युटर ते भिंतीवर मांडणार. डॅशबोर्डवाल्यानं पहिल्यांदा दाखवलं त्यात आकडे होते, वरखाली जाणाऱ्या रेघा होत्या, गाडीत असतात तसले काटे होते. सासऱ्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. ते म्हणाले, "हे मुंग्यांचं वारूळ काढ आधी. मला खुर्चीतून कळलं पाहिजे, चांगलं का वाईट." मग आकडे आत गेले आणि पडद्यावर उरले सहा मोठे चौकोन. थंडी नीट असली की चौकोन हिरवा, बिघडली की लाल. चौकोनावर क्लिक केलं तर आतले आकडे दिसायचे, पण सासऱ्यांच्या देखत उठून क्लिक कोण करणार? ज्याला लांबून समजत नाही त्याला धंदाच समजत नाही, असं त्यांनी ठरवून टाकलेलं.

"रंग हेच ठेवायचे ना?" डॅशबोर्डवाल्यानं विचारलं. "बदलायचे असतील तर दोन मिनिटांचं काम आहे."

"हेच ठेवा," माझा नवरा म्हणाला.

"हेच बरे आहेत," दीरही लगेच म्हणाला.

मी टेबलाखालून नवऱ्याला कचकचून चिमटा काढला. कारण माझ्या नवऱ्याला लाल आणि हिरवा यांतला फरक कळत नाही. जन्मापासून नाही. त्याला दोन्ही एकाच मळकट रंगाचे दिसतात. लग्न ठरल्यावर त्यानं मला बाजूला घेऊन हे सांगितलं आणि शपथ घातली, कुणाला कळता कामा नये, बाबांना तर मुळीच नाही. घरात ते फक्त आईंना ठाऊक होतं आणि लपवायला शिकवलंही त्यांनीच. सासऱ्यांचं एक मत पक्कं आहे: शरीरात खोट असलेला माणूस हाताखाली चालतो, डोक्यावर चालत नाही. आमचा लंगडा मेकॅनिक सगळ्यांत हुशार, पण त्यांनी त्याला कधी फोरमन केलं नाही. त्याच्या समोर कारणही सांगितलं.

आणि वर चढायचीच वेळ आली होती. सासऱ्यांनी जेवताना जाहीर केलं होतं की चेरीचा हंगाम सरला की कारभार एकाच्या हातात देणार आणि दुसऱ्यानं त्याच्या हाताखाली निमूट काम करायचं. मला तो कारभार हवा होता. उगाच आडपडदा कशाला? माझा नवरा शाळा सुटली की मशीनरूममध्ये जाऊन बसणारा पोरगा होता, कॉम्प्रेसरचा आवाज जरा बदलला तर त्याचा घास हातात थांबतो. आणि धाकट्याला काय येतं, तर प्रदर्शनं बघायला येतात. शिवाय एक दिवस रजा हवी म्हणून जावेच्या नवऱ्यासमोर जाऊन उभं राहायचं, ह्या विचारानंच माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

बोर्ड आल्यापासून रोज सकाळी त्याच्यासमोर मीटिंग. काचेची खोली, लांब टेबल, टोकाला सासरे. बोर्डला ते टीव्ही म्हणतात. "हं, थोरल्या, तुझ्या तीन खोल्यांचं काय म्हणतोय टीव्ही?" मी नवऱ्याला लागून बसायचे. ज्या नंबरचा चेंबर लाल, तितक्यांदा मी त्याच्या पायावर पाय दाबायचा. दाबला नाही तर सगळं हिरवं. तो गंभीर चेहऱ्यानं बोर्डकडे बघायचा, हनुवटी चोळायचा आणि म्हणायचा, "दोन जरा लाल दिसतोय बाबा, मी पंखा तपासतो." इतका सराईत, की मलासुद्धा कधी कधी वाटायचं, ह्याला दिसतंय.

धाकट्याची पाळी आली की त्यानं तोंड उघडायच्या आत माझ्या जावेची टकळी सुरू. "आज आपला पाच लाल झालाय हं बाबा, हे बघणारच आहेत." रोज तेच. नवऱ्याला बोलू म्हणून द्यायची नाही. तिचं ते "आपला पाच" ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. सासऱ्यांपुढे मिरवायची कोण हौस!

एक दिवस तिनं आपलं सोडून आमच्यात नाक खुपसलं. सासऱ्यांनी नवऱ्याला विचारलं, मी पाय दाबणार तोच ही म्हणाली, "दादांचा तीन लालभडक आहे की. दिसलं नाही का दादांना?"

"तू तुझ्या पाचकडे बघ," मी म्हटलं. "रोज रडतंय ते."

"मी कुणाला काही म्हटलं का ताई? दिसलं ते बोलले."

"तुला फार दिसतं. नवऱ्यालाही दोन शब्द बोलू दे की कधीतरी."

"निदान माझा नवरा कुणाच्या शेजारी चिकटून तरी बसत नाही."

ते मला लागलं, आणि मी जे बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. तिच्या माहेरपर्यंत गेले मी. सासऱ्यांनी टेबलावर हात आपटला. "उद्यापासून दोघी बाहेर. मीटिंगला फक्त चेंबर सांभाळणारे. बायकांची भांडणं ऐकायला मी टीव्ही लावला नाही."

झालं. जाऊ माझ्याकडे अशी बघत होती की तिच्याच डोळ्यांत पाणी येईल की काय. मला वाटलं, मिरवणं बंद झालं म्हणून.

त्यानंतर नवरा मीटिंगच्या आधी हातात थर्मामीटर घेऊन आपल्या तिन्ही चेंबरमध्ये जाऊन यायचा. आत काय आहे ते स्वतः बघायचं आणि बोर्डकडे तोंड करून तेच बोलायचं. थंडीनं कान लाल करून यायचा, म्हणजे मला लाल दिसायचे. मी म्हटलं, "अहो, सरळ रंग बदलून घ्या ना. काहीतरी कारण सांगा." तो म्हणाला, "कारण विचारतील." एवढ्यावर विषय संपला. ह्या माणसाशी भांडताही येत नाही, भिंतीवर डोकं आपटल्यासारखं होतं.

मी खिडकीपाशी, जाऊ समोरच्या टेबलावर, आणि मध्ये काचेपलीकडे ती मीटिंग. बोर्ड आम्हा दोघींना अगदी लख्ख दिसायचा. आमचं बोलणं पूर्ण बंद होतं. मीटिंग चालू असताना ती सारखी फोनवर काहीतरी टाइप करत असायची आणि आत दीर सारखा फोनमध्ये बघत असायचा. मी मनात म्हणायचे, घ्या, लग्नाला इतकी वर्षं झाली आणि अजून चाळे संपत नाहीत.

मग तो दिवस उजाडला. चेरीबाई न सांगता आल्या. त्यांचं खरं नाव बिलावर आहे, पण आवारात सगळे त्यांना चेरीबाईच म्हणतात. हंगामात आमचे दोन आणि पाच हे दोन्ही चेंबर त्यांच्या मालानं भरतात आणि त्या गेल्या तर आमचा निम्मा धंदा गेला. बोलायला तिखट, पण व्यवहाराला चोख. नवरा नुकताच एक आणि दोन बघून आला होता, तिसऱ्यात शिरत होता, तेवढ्यात सासऱ्यांनी त्याला हाक मारली. थर्मामीटर खिशात ठेवून तो तसाच काचेच्या खोलीत गेला. पाहुण्या आल्या म्हणून सासऱ्यांनी सगळ्यांचे फोन दारापाशी कपाटावर ठेवायला लावले. दार उघडंच होतं. जन्मभर थंडी विकून सासऱ्यांना एसी सोसत नाही.

आत हवापाण्याच्या गप्पा चालल्या असतानाच बोर्डवरचा पाचवा चौकोन लाल झाला. जर्द लाल. त्याचा उजेड दिराच्या पांढऱ्या शर्टावर पडलेला मला काचेतून दिसला.

मला आनंद झाला. का होऊ नये? पाच धाकट्याचा होता आणि चेरीबाई समोर बसल्या होत्या. मी जावेचं तोंड बघायला मान वळवली, आणि तिथे मला वेगळंच दिसलं. ती पांढरीफटक पडली होती. तिनं फोन उचलला आणि नवऱ्याला लावला. कपाटावरचा फोन घरघरत सरकायला लागला. आतून कुणी उठलं नाही. तिनं पुन्हा लावला. दीर बोर्डच्या अगदी समोर बसला होता, चौकोनाकडे बघत होता आणि चेरीबाईंना काहीतरी सांगून हसत होता.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ती टकळी, ते टाइप करणं, "हेच बरे आहेत" म्हणायची घाई. त्यालाही दिसत नव्हतं. एकाच आईची दोन पोरं, दोघांनाही रंग दिसत नाहीत, आणि बाहेर आम्ही दोघी जावा त्यांचे डोळे म्हणून बसलेल्या, एकमेकींचा गळा धरायला टपलेल्या. जावेनंही माझ्याकडे पाहिलं. आपलं गुपित मला कळलं हे तिला कळलं. तिनं नजर खाली घातली नाही, उलट असं रोखून पाहिलं की तोंड उघडून तर बघ.

"बाकी जाऊ द्या," चेरीबाई आत म्हणत होत्या. "माझा माल कसा आहे? दोन आणि पाच दोन्ही ठीक ना?"

प्रश्न त्यांनी थोरला म्हणून माझ्या नवऱ्याला विचारला. त्यानं बोर्डकडे पाहिलं, हनुवटी चोळली आणि म्हणाला, "दोन्ही हिरवे आहेत."

"अगदी हिरवेगार," दीर म्हणाला. "तुम्ही काळजीच करू नका."

चेरीबाईंनी बोर्डकडे पाहिलं, मग ह्या दोघांकडे, मग परत बोर्डकडे. "मला आंधळी समजलात का?" त्या शांतपणे म्हणाल्या. "पाच लाल आहे. इथून दिसतोय मला. दोघं भाऊ माझ्या तोंडावर खोटं बोलताय."

सासऱ्यांनी चष्मा चढवला. लाल तर होताच. "काय रे हे?" ते ओरडले.

दोघंही बोर्डकडे बघत होते, जणू नीट बघितलं तर दिसेल. लंगडा मेकॅनिक बोलावल्याशिवायच पाचकडे पळाला. चेरीबाई उठल्या. "संध्याकाळच्या आत माझा माल बाहेर काढा. थंडी बिघडते, यंत्रच आहे ते. पण खोटारड्या माणसांकडे मी माल ठेवत नाही."

मी आत शिरले. मला कुणी बोलावलं नव्हतं. माझ्या नवऱ्यानं आयुष्यात कुणाला फसवलेलं नाही आणि त्याला माझ्यासमोर खोटारडा म्हटलेलं मी ऐकून घेणार नव्हते. आणि खरं सांगायचं तर मनात हेही होतं की सगळं बाहेर पडू दे, धाकट्याचंही पडू दे. बुडायचं तर दोघं बुडतील, मग बघू कोण कुणाच्या हाताखाली राहतं ते.

"बाई, हे खोटं बोलले नाहीत," मी म्हटलं. "ह्यांना लाल आणि हिरवा वेगळा दिसत नाही. जन्मापासून नाही. आणि भावजींनाही दिसत नाही. दोघांनाही नाही."

नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं नाही. टेबलावरच्या आपल्या हातांकडे बघत राहिला.

"काहीतरीच काय ताई," माझ्या मागून जाऊ म्हणाली. ती दारात उभी होती. "माझ्या नवऱ्याचे डोळे ठणठणीत आहेत."

"मग ते खोटं बोलले," चेरीबाई म्हणाल्या.

नवरा खोटारडा ठरला तर जावेला चालणार होता, खोट असलेला नको होता.

"त्यांना दिसतं तर दाखवू देत की," मी म्हटलं. "भावजी, सांगा, लाल कुठला आहे?"

दीर उठला, बोर्डपाशी गेला आणि बरोबर पाचवर बोट ठेवलं. इतका वेळ सगळे पाच लाल, पाच लाल करत होते, डोळे बांधून उभं केलं असतं तरी त्यानं ठेवलं असतं. माझी अक्कल गहाण पडली होती.

त्याच वेळी सासूबाई आल्या. रोज त्या वेळेला सासऱ्यांच्या डोळ्यांत औषध घालायला त्या घरून येतात. हातात बाटली, खांद्यावर स्वच्छ रुमाल. सासऱ्यांनी त्यांना बसूही दिलं नाही.

"थोरली म्हणते, तुझ्या दोन्ही पोरांना रंग दिसत नाहीत. खरं का?"

सासूबाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं. असं त्यांनी मला कधी पाहिलं नव्हतं, ह्या घरात आल्यापासून नाही. मग थोरल्याकडे पाहिलं, मग धाकट्याकडे. दोन्ही मुलं त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी बाटलीचं झाकण उघडलं, परत लावलं.

"थोरल्याचं आहे तसं," त्या म्हणाल्या. "धाकट्याचं काही नाही."

"आई, खरं सांगा," मी म्हटलं.

"सांगितलं की. डोकं मागे करा हो तुम्ही, औषध घालू दे."

सासऱ्यांनी डोकं मागे केलं. औषध गालावर ओघळलं ते त्यांनी पुसलं आणि डोळे मिटूनच बोलायला लागले. "धाकटा खोटं का बोलला ते मी त्याच्याकडून काढून घेईन. खोटं बोलणाऱ्याला दोन थोबाडीत देऊन सरळ करता येतं. पण ज्याला दिसतच नाही त्याच्या हातात माझा धंदा कसा देऊ?" मग म्हणाले, "हंगाम संपायची वाट कशाला बघायची आता."

चेरीबाईंनी आपली पर्स उचलली. जाताना त्या माझ्यापाशी थांबल्या आणि माझ्या दंडाला हात लावला. मला तो हात झटकून टाकावासा वाटला. त्यांचे ट्रक दुपारी लागले आणि प्रत्येक गेटपासवर सही मला करावी लागली. जाऊ समोर बसून बिलं काढत होती. आवारातले हमाल माझ्या नवऱ्याबद्दल कुजबुजत होते आणि मी खिडकीपाशी आले की गप्प होत होते.

ट्रक गेल्यावर मी नवऱ्याला शोधत पाचमध्ये गेले. चेंबर रिकामा, जमिनीवर चेरीचे देठ पडलेले. जाड जॅकेट घालून तो शिडीवर चढला होता आणि बंद पडलेल्या पंख्याची वायर काढत होता. धाकट्याच्या चेंबरमधला पंखा, धाकटा ऑफिसात बापाची बोलणी खात बसलेला, आणि हा इथे.

"झालं समाधान?" मी म्हटलं. "आता जन्मभर त्याचे पंखे दुरुस्त करा. तुमच्या तोंडाला काय झालं होतं? तुमच्या आईनं सगळ्यांसमोर तुम्हाला विहिरीत ढकललं आणि तुम्ही हूं की चूं केलं नाही. मला आजवर कळलं नाही, पण तुम्ही तर एका घरात वाढलात. तुम्हाला कधीच कळलं नाही त्याला दिसत नाही ते?"

"माहीत होतं," तो म्हणाला.

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "काय?"

"लहानपणापासून माहीत होतं. आई म्हणाली होती, त्याचं कुणाला सांगू नकोस, त्यालाही कळू देऊ नकोस की तुला ठाऊक आहे. उद्या बायको आली तर तिलाही नाही." तो शिडीवरून उतरला. हातमोजे काढून त्यानं खिशात कोंबले. "नाही सांगितलं. आज बाबा विचारत होते तेव्हाही नाही सांगितलं."

"आणि त्याच्यापायी आपलं वाटोळं झालं त्याचं काय?" मी ओरडले. रिकाम्या चेंबरमध्ये माझा आवाज माझ्याच अंगावर आला.

तो दारापाशी गेला होता. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"मी तुला एकच गोष्ट सांभाळायला दिली होती," तो म्हणाला.